तोवाची माय

खण्ण!

धुतलेल्या भांड्यांच्या टोपलीतून एक वाटी घसरली, ओट्यावर आपटली आणि खाली फरशीवर गरगर फिरत राहिली. इतका वेळ सगळं चिडीचूप होतं, त्यामुळे तो आवाज शेजारच्या क्वार्टरपर्यंत जाईल असा वाजला.

दिव्यानीनं श्वास रोखला. मोबाईल तोंडासमोर तसाच धरून तिनं पायाच्या अंगठ्यानं वाटी दाबून थांबवली आणि स्वयंपाकघराच्या दारातून हळूच मान बाहेर काढली. बाहेरच्या खोलीत पंख्याखाली आदेश झोपला होता. पाच वर्षांचं ते लेकरू कुशीवर वळलं, पाय पोटाशी घेतले, पण डोळे मिटलेलेच होते. तिनं दार लोटून घेतलं. पुरतं लावून घ्यायची तिला सवय नव्हती. लेकरू उठलं तर कळायला हवं.

दुपारचा एवढाच काय तो वेळ तिचा. सकाळी नवऱ्याचा डबा, मग लेकराचा डबा, मग धुणं. बारा वाजता आदेश शाळेच्या व्हॅनमधून उतरायचा, जेवून झोपायचा. नवऱ्याची, निकेशची, पहिली पाळी सुटून तो गाडीवर घरी येईपर्यंत घर तिचं एकटीचं असायचं. वीज केंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या सगळ्या क्वार्टरांत बाया तेव्हा आडव्या झालेल्या असत. दिव्यानी मात्र गॅसच्या शेगडीपाशी स्टूल ओढून बसायची आणि जपानच्या एका पोराशी बोलायची.

पडद्यावर तो पोरगा मैदानात वाकून बुटाची नाडी बांधत होता. दिव्यानीनं बटण दाबलं आणि तिचा आवाज बदलला. 

"थांब, थांब बापू. सुटली ना नाडी? आता पडशीन अना मंग म्हणशीन, माय, लागलं. किती डाव सांगतलं तुले, दोन गाठी मार म्हणून. मार. हां, अस्सं. जाय आता, अना त्या उंच्या पोट्ट्यापासून दूर राहाजो. त्याची नजर बरी नाई दिसून राह्यली मले."

आता हा पोरगा कोण, ते सांगायला हवं. त्याचं नाव तोवा कुसुनोकी. वय एकोणीस. जपानच्या कुठल्याशा समुद्राकाठच्या गावचा, आणि तिकडे युरोपातल्या एका थंड देशातल्या क्लबात पुढच्या फळीत खेळणारा. गोल करतो म्हणून तो प्रसिद्ध होताच, पण गोल काय, पुष्कळ जण करतात. तोवाची गंमत अशी की गोल झाला की तो लाजायचा. बाकीचे अंगावर येऊन पडत, हा कान लाल करून, मान खाली घालून, आपलीच काही चूक झाल्यासारखा उभा. एकदा त्याच्या पायानं मैदानातल्या गवताचं ढेकूळ उखडलं गेलं, तर त्यानं धावता धावता परत येऊन ते जागेवर बसवलं, वरून थोपटलं. तेवढी क्लिप कोट्यवधी लोकांनी पाहिली. कुठकुठल्या देशांतल्या पोरी त्याच्या फोटोभोवती लाल बदाम लावून गाणी चिकटवत होत्या.

दिव्यानीला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. तिच्यासमोर तो आला तो भातामुळे. क्लिपमध्ये तोवा राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून भाताचा गोळा खात होता. तेवढ्यात प्रशिक्षकानं हाक मारली. पोरगं दचकलं, तोंडात घास, हातात अर्धा गोळा. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि उरलेला भात कागदात गुंडाळून चक्क मोज्यात खोचून मैदानात पळालं.

सगळं जग त्यावर हसलं. दिव्यानीचा मात्र जीव कळवळला. धानोऱ्याजवळच्या तिच्या गावी धानाच्या रोवण्याच्या दिवसांत तिची आई सकाळीच भाताचे असे गोळे करायची, मीठ आणि मिरचीचा ठेचा लावून, पळसाच्या पानात बांधून. बांधावर बसून कोणी ते खात असलं तर कितीही घाई असो, पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या उन्हात सुकत असोत, त्याला कोणी उठवायचं नाही. मालक आला तरी लांब उभा राहून वाट पाहायचा. घासावरून माणूस उठवणं ही त्यांच्याकडे शिवी देण्याच्याही पलीकडची गोष्ट. तिच्या तोंडून आपोआप निघालं,

"ओ टोपीवाले भाऊ, जेवून राह्यला ना तो! दोन घास खाऊ द्या ना जी त्याले. तुमचा फुटबॉल का पळून चालला? बापू, तू चाव निवांत. अव माय... मोज्यात! मोज्यात कोंबला भात ह्या पोट्ट्यानं!"

हे ती मोठ्यानं बोलली आणि मग स्वतःच तोंडावर हात ठेवून किती वेळ हसली. असं बोलून किती महिने झाले होते! मोबाईलवर मूळ आवाज काढून आपला आवाज कसा घालायचा, ते तिला येत होतं. तिनं तो घातला. नाव काय द्यायचं, यावर मिनिटभर बोट थांबलं. मग तिनं लिहिलं, 'तोवाची माय'.

हे 'माय' तिला असंच सुचलं नव्हतं. तो शब्द घरातून गेला होता, रिकामा झाला होता.

झालं होतं असं. इंग्रजी शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात आदेश लघवीला जायचं विचारायला वर्गात उभा राहून म्हणाला होता, "मॅडम, मले एकीले लागली." सगळा वर्ग हसला. पोरांनी मधल्या सुट्टीत त्याच्याभोवती फेर धरून "मले, मले" केलं. पालकसभेत मॅडमनी अगदी गोड आवाजात सांगितलं, "घरी थोडं स्टँडर्ड बोलत जा. मुलं घरचंच उचलतात." निकेश घरी आला तो ठरवूनच. म्हणाला, "आजपासून ह्या घरात मले-तुले बंद. मला आणि तुला. माय नाही, आई. समजून राह्यलं का?" आणि लगेच स्वतःला दुरुस्त केलं, "समजतंय का?"

दिव्यानीला हसू आलं होतं, पण त्याचा चेहरा पाहून तिनं ते गिळलं. निकेश राजुऱ्याचा. नोकरीच्या आधी पुण्याला मुलाखतीला गेला होता तेव्हा तिथल्या साहेबानं त्याला एक वाक्य तीनदा बोलायला लावलं होतं आणि बाजूच्यांकडे पाहून मिशीत हसला होता. लग्नानंतर कितीतरी दिवसांनी, जेवताना, ताटाकडे पाहत त्यानं हे तिला सांगितलं होतं. आपल्या पोराच्या वाट्याला तो साहेब यायला नको, एवढंच त्याच्या मनात. त्यात चूक काय काढायची?

तो स्वतः मात्र दोन दिवसांत विसरला. पाळीवरून आला की गेटवरूनच "काय करून राह्यली?" असं विचारू लागला. विसरली नाही ती दिव्यानी. तिनं ते व्रतासारखं धरलं. लेकराशी बोलायच्या आधी वाक्य मनात जुळवायचं, तपासायचं, मग बोलायचं. 'तुला भूक लागली आहे का?' 'हात धुऊन ये.' 'शाब्बास.' वाक्यं बरोबर यायची, पण थोडीच यायची. लाडाचं बोलणं तर जुळवून येतच नाही. रागाचंही नाही. ती आपल्याच लेकराशी कोणाच्या घरी पाहुणी गेल्यासारखी बोलू लागली, आणि आदेशही शहाण्या पाहुण्यासारखा 'हो आई', 'नको आई' म्हणू लागला. आधी तो दिवसभर तिच्या मागे बडबडत फिरायचा. आता खेळणी घेऊन कोपऱ्यात बसायचा. मॅडम म्हणाल्या, "आदेश खूप सुधारलाय हं."

तर अशी ती तोवाची माय झाली. आणि काय सांगावं, दोन दिवसांत तो भाताचा रील लाखभर लोकांनी पाहिला. मग तिनं गवत थोपटल्याचा केला ("बसव, बसव बापू, धुऱ्यावरचं ढेकूळ असंच बसवा लागते"), मग बर्फात खेळतानाचा ("स्वेटर कुठी ठेवलं? काऊन नाई घातलं? मी का मेली का तुले सांगणारी?"). धानोरा, मूल, ब्रह्मपुरी, राजुरा, कुठून कुठून बाया लिहू लागल्या. कोणी लिहिलं, पोराला आंबील पाठव. आरमोरीचे कोणी बापूराव, निवृत्त वनरक्षक, ते प्रत्येक रीलखाली नेमानं लिहायचे, 'मायबाई, पोराच्या घोट्याले मोहाचं तेल चोळा.' एकानं छातीठोकपणे लिहिलं की तोवाची आई मूळची गडचिरोलीचीच आहे, नर्स म्हणून जपानला गेली होती, त्याच्या मावसभावाच्या ओळखीतली आहे. त्यावर पन्नास जणांनी 'बरोबर आहे' असं लिहिलं.

एकदा जपानी अक्षरांत कोणी लिहिलं होतं. दिव्यानीनं ते मोबाईलकडूनच मराठीत करून घेतलं. आलं, 'ही काय म्हणते ते मला समजत नाही, पण आई हीच.'

ते तिनं दिवसातून चार वेळा वाचलं.

एका रीलमध्ये पाळी बदलण्याचा भोंगा ऐकू गेला. तासाभरात कोणीतरी लिहिलं, 'अबे, हा तं आपल्या ऊर्जानगरचा भोंगा होय!' मग काय, कंपनीच्या बसमध्ये, बागेत, किराणा दुकानात एकच चर्चा. बाया एकमेकींकडे संशयानं पाहायच्या. गॅलरीतून गॅलरीत विचारणा व्हायची, "तू तं नाई ना व?" दिव्यानीला मात्र कोणी विचारलं नाही. तिच्या जुळवून बोलण्यामुळे तिला तर सगळ्या 'पुण्याची सून' म्हणून चिडवत.

दिवाळीनंतर सासू आली. कमळाबाई राजुऱ्याहून निघायच्या त्या पिशवीभर सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणि डोक्यात भरपूर गप्पा घेऊन. आल्या आल्या त्यांनी पदराच्या गाठीतून काढावा तसा मोबाईल काढला.

"हे पाह्यलं का व, दिव्यानी? जपानच्या पोट्ट्याची माय! आयक, आयक कशी बोलते ते."

आणि त्या छोट्या डबीतून दिव्यानीचाच आवाज दिव्यानीच्याच घरात घुमला. 'स्वेटर कुठी ठेवलं?' कमळाबाई हसून हसून पदर डोळ्याला लावत होत्या. निकेश शेजारी बसून मांडीवर थापा मारत होता.

"काय बोलते बाई!" तो म्हणाला. "माही आजी अशीच बोलत होती. असली बोली आता आयकाले भेटत नाई कुठी."

दिव्यानी चहाचे कप घेऊन उभी होती. तिला वाटलं होतं की आता कळणार, आता दोघं मान वर करून आपल्याकडे पाहणार. कोणी पाहिलं नाही. इतक्या महिन्यांत तिचा जुळवून बोललेला आवाजच त्यांच्या कानांत बसला होता. तिनं कप ठेवले आणि सावकाश, जुळवून, म्हणाली, "घरात ती चालत नाही ना आपल्याला."

निकेश हसता हसता थांबला. "तू पण ना! मजाकीची गोष्ट वेगळी. पोराच्या जिंदगीची गोष्ट वेगळी." मग थोडं नरम होऊन म्हणाला, "तू किती चांगलं सांभाळलं ते. मले... मला नाही जमत."

आदेश खाली बसून गाडी फिरवत होता. त्याची गाडी थांबली होती. तो आजीच्या मोबाईलकडे पाहत होता, मग आईच्या तोंडाकडे, मग परत मोबाईलकडे.

कमळाबाईंनी रील पुन्हा लावला. "कोण होय का मालूम," त्या म्हणाल्या, "पण हिचं सोताचं लेकरू किती सुखात असन, नाई? दिवसभर असं बोलणं कानावर पडत असन त्याच्या."

"साखर पाहिजे का आणखी?" दिव्यानीनं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता आत गेली.

त्याच दिवसांत तिनं तोवाच्या खऱ्या आईचा फोटो पाहिला. विमानतळावर काढलेला, जुना. बारीकशी बाई, कोट घातलेली, हाताची घडी पोटाशी. तोवा चार हात दूर उभा, पाठीवर पिशवी. दोघं एकमेकांसमोर वाकलेले. खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं. दगड आहे का ही बाई? पोरगं परदेशी चाललं, जवळ नाही घेता येत? दिव्यानी त्या बाईच्या पोटाशी घट्ट बांधलेल्या हातांकडे पाहत राहिली. त्या हातांना कुठे जायचं होतं ते तिला दिसत होतं. तिचे तरी हात दुसरं काय करत होते?

मग सासू राजुऱ्याला परतली, थंडी पडली, आणि तोवाचा तो सामना झाला.

मोठ्या चषकाचा उपांत्य सामना. बरोबरी. मग एकेकानं येऊन गोल मारायचा. शेवटचा चेंडू तोवाकडे आला. धो धो पाऊस. त्यानं चेंडू ठेवला, मागे गेला, धावत आला आणि ऐन वेळी टेकलेला पाय घसरला. चेंडू आकाशात, पोरगं चिखलात.

दिव्यानीनं हे सकाळी पाहिलं, निकेशच्या डब्यात भाजी भरता भरता. दुपारपर्यंत तर मोबाईल उघडवेना. ज्या बोटांनी बदाम पाठवले होते त्याच बोटांनी आता लोक शिव्या लिहीत होते. घरी जा. तुझ्या देशात परत जा. लाजायला तेवढं येतं. त्याचे डोळे, त्याचं नाव, त्याचा भात, कशालाच सोडलं नव्हतं. तिच्या पानावरही लोक जमले होते. इथल्यांना तो राग नव्हता, मजा हवी होती. 'माय, आज झाप त्याले चांगलं.' 'माय, आज खराटा काढ!' 'कवापासून वाट पाहून राह्यलो, टाक ना लवकर.' बापूराव तेवढे म्हणाले होते, 'पोराले आज काही म्हणू नका.' त्यांना कोणीतरी हसणारं तोंड पाठवलं होतं.

बारा वाजता व्हॅन आली. ड्रायव्हरनं आदेशला उतरवलं आणि दिव्यानीच्या हातात एक गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी दिली. "बाई, मॅडमनं कपडे बदलून देल्ले," असं जमिनीकडे पाहत म्हणाला आणि गेला.

आदेशच्या अंगात शाळेची चड्डी होती, दोन वर्षांनी मोठ्या पोराची. कमरेवर ती त्यानं एका मुठीत धरली होती. पिशवीत त्याची स्वतःची पँट, ओली.

घरात आल्यावर दिव्यानी त्याच्यासमोर बसली. "काय झालं, आदेश?"

"काही नाही, आई."

"तू मॅडमना विचारलं नाहीस?"

आदेशनं दाराच्या कडीकडे पाहिलं. "इंग्लिशमधलं आठवलं नाही," तो म्हणाला. "मराठीतलं विचारणार होतो. पण मग चुकलं असतं."

दिव्यानीच्या छातीत काहीतरी मोठं, गरम असं उठलं. ते ओठापर्यंत आलं. 'ये माह्या राजा, ये माह्यापाशी.' आणि तिथे येऊन, सवयीनं, थांबलं. माझ्या की माह्या, माझ्याजवळ की माह्यापाशी, कसं म्हणायचं ते जुळेपर्यंत ते थंड झालं होतं. तिनं ऐकलं ते आपलेच शब्द, जणू वर्गातून आलेले.

"ठीक आहे. पुढच्या वेळी आठवण ठेवायची हं."

"हो आई," आदेश म्हणाला.

तो जेवला. शाळेची चड्डी काढतो का विचारलं तर नको म्हणाला. गादीवर जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपला. दिव्यानीनं पँट धुतली, पिळली, गॅलरीतल्या दोरीवर टाकली. ऊन कोवळं होतं. वाळायला वेळ लागणार होता. मग ती दार लोटून स्टुलावर बसली.

तिनं ठरवलं होतं की आज काही करायचं नाही. तरी तिनं ती क्लिप उघडली. सामना संपल्यानंतरची, पाऊस पडतोच आहे, सगळे निघून गेलेत, आणि तोवा मैदानाच्या मधोमध बसलेला. त्यानं अंगातली जर्सी वर ओढून त्यात तोंड लपवलं होतं. कोणी जवळ जात नव्हतं. कॅमेरा मात्र जात होता, आणखी जवळ, आणखी जवळ.

तिनं बटण दाबलं.

"बापू," ती म्हणाली.

 पुढचं आलं ते हळू, कोणी पाठीवर हात फिरवत बोलावं तसं.

"ये. ये माह्यापाशी. त्याइचं आयकू नको. त्याइले तोंड देल्लं देवानं, बोलू दे. नाई झाला गोल तं नाई झाला, बापा. त्यानं का आभाळ फाटलं? घसरला ना पाय? घसरते. बांधावरून चालताना माहाबी घसरे. वल्ला झाला का? होऊ दे. वल्लं वाळते. काही नाई होत त्याले, दोरीवर टाकलं का वाळते. तू लपवू नको तोंड. कोणाले भेतं? मले? मी का तुले हासन का, बापू? अख्खी दुनिया हासली तरी मी हासन का?"

तिचा आवाज फाटला. तिनं थांबवलं नाही.

"त्याइच्या भाषेत बोलता नाई आलं ना तुले? राहू दे. नको बोलू. माह्याशी बोल. कसंबी बोल, चुकीचं बोल, अर्धं बोल. मले समजते तुहं. पोटात होता तवापासून समजते. अना जवा लागली तवा सांगत जाय रे राजा, धरून नको ठेवू. असं धरून धरून दुखते लेकराले. तुही चूक नाई. आयकलं का? तुही काहीच चूक नाई. माहीच..."

पडद्यावरची क्लिप कधीच संपून पुन्हा सुरू झाली होती. दिव्यानी तिकडे पाहतच नव्हती. ती समोरच्या भिंतीकडे पाहत बोलत होती, आणि आपण कुठल्या पोराशी बोलतोय ते आता तिलाही ठाऊक होतं.

दाराची फट रुंदावली. दारात आदेश उभा होता. एका मुठीत ती मोठी चड्डी कमरेशी धरलेली. डोळ्यांत झोपेचा मागमूसही नव्हता.

"तोवाले मारलं का कोणी?" त्यानं विचारलं.

"नाही," दिव्यानी म्हणाली. मोबाईल अजून चालूच होता, तिच्या लक्षात आलं नाही. "तू... तू झोपला नव्हतास?"

आदेशनं मान हलवली. "मी झोपतच नाई. रोज डोये लावून पडून राह्यतो." तो एक पाऊल आत आला. "तू बोलते ना मंग. मले आयकाले बरं वाटते."

तिनं हात पुढे केले. तो आला नाही. तिथेच उभा राहिला, चड्डी घट्ट धरून. तिनं त्याला शिकवलेली सगळी वाक्यं जणू तो आठवून पाहत होता आणि त्यातलं एकही पुरत नव्हतं. मग पावसाळ्यापासून जो शब्द त्या घरात कोणी उच्चारला नव्हता, तो त्यानं उच्चारला.

"माय," तो म्हणाला, "तोवाशी बोलते तशी तू माह्याशी काऊन नाई बोलत?"